छत्रीचं वाक्य

“अण्णा आज त्या खुर्चीत बसणार नाहीत,” वकिलाने दारातच जाहीर करून टाकलं आणि मग सावकाश पायपुसण्यावर बूट पुसले.

धाकटीच्या हातात बिस्किटांची बशी होती. ती तिने टेबलावर ठेवली, उगाच एक बिस्किट सरळ केलं आणि मनात म्हणाली, झालं! सुरुवातच अशी. मोजणीचा रविवार हा या कुटुंबात वर्षातून एकदाच येतो आणि दरवेळी कुणीतरी रुसतंच. पण रुसणं वेगळं आणि वकिलासारख्या बाण्याच्या माणसाने बापाला पाठीशी घालून उभं राहणं वेगळं. अण्णाकाका खरोखरच त्याच्या पाठीमागे उभे होते. ज्या माणसाने उभी हयात लेथ मशीनवर लोखंड कातलं, तो कोटाचं बटण चाचपत जमिनीकडे बघत होता. धाकटीला ते बघवेना.

“आधी बस तर खरं, दादा,” ती म्हणाली. “काकू, ये ना. खिडकीपाशी बस, तिथे ऊन आहे.”

“मी कुठेही बसेन गं,” काकू म्हणाली. “पण हा म्हणतो ते मला पटलंय, हे आधीच सांगते. मला माझा नवरा दोन्ही हातांसकट हवाय.”

काकू म्हणजे अण्णांची बायको. ती एरवी मुलाच्या बाजूने कधी बोलत नसे; मुलगा कोर्टात बोलतो तेवढं पुरे, असं म्हणायची. आज तीही तिकडे. धाकटीने मनातल्या मनात माणसं मोजली आणि आपल्या बाजूला कोणीच उरलं नाही हे तिच्या लक्षात आलं. आत्या होती, पण आत्या खिडकीत पाठमोरी उभी राहून विद्यापीठाच्या आवारातल्या सायकली बघत होती. कानावर पडत असूनही न ऐकण्याची कला आत्याला फार पूर्वीपासून साधलेली आहे.

प्रकरण असं होतं. ही खोली, हा लांबलचक बोळ आणि पलीकडच्या दोन खोल्या मिळून विद्यापीठाचं वार्धक्य संशोधन केंद्र होतं. मुळात ते मुलींच्या वसतिगृहाचं धुणीघर. आत्याने जेव्हा म्हाताऱ्यांवर संशोधन करायला जागा मागितली, तेव्हा त्या वेळचे कुलगुरू मनापासून हसले होते. “अहो बाई, त्यात संशोधन काय करायचं? माणसं म्हातारी होतात आणि जातात.” आत्या म्हणाली, “जातात ते मला माहीत आहे. होतात कशी ते बघायचंय.” धुणीघर मिळालं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. नळ तसेच होते आणि भिंती ओल्या होत्या. मोजून घ्यायला मात्र माणूस मिळेना. म्हातारपण मोजायचं म्हटल्यावर कोण येणार? मग आत्याने आपल्याच घरातल्यांना धरून आणलं. ती माणसं तेव्हा म्हातारी नव्हतीच, आणि तेच तिला हवं होतं. आधी तरणी मोजायची, मग दरवर्षी मोजत राहायचं. ती म्हणायची, घाई नाही, मला वेळ आहे.

घरच्यांच्या मागून शेजारी आले, शेजाऱ्यांच्या मागून त्यांचे व्याही आले, आणि बघता बघता अर्धं शहर आत्याच्या बोळातून चालून गेलं. केंद्र टिकवणं हे काढण्यापेक्षा कठीण निघालं. दर नव्या साहेबाला या खोल्यांमध्ये दुसरंच काहीतरी थाटायचं असे. एकदा तर संगणक विभागाची माणसं टेप घेऊन खोल्या मोजायलाच आली. आत्याने फोनाफोनी केली, आणि दुपारी ती माणसं परत आली तेव्हा बोळात दोन्ही बाजूंना म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या. कुणी विणत होतं, कुणी घोरत होतं. टेप टाकायला जागाच नव्हती. संगणक विभाग दुसरीकडे गेला.

आणि आता आत्याच्या जागी धाकटी होती. नाव धाकटी, कारण ती धाकट्या भावाची मुलगी; केस पिकले तरी नाव काही बदललं नाही. येत्या बुधवारी विद्यापीठाची समिती येणार होती. केंद्र ठेवायचं की वैद्यकीय विभागाच्या एखाद्या कपाटात कोंबायचं, हे ते ठरवणार होते. धाकटी मात्र निर्धास्त होती, कारण तिच्याकडे दाखवायला एक शोध होता.

तो शोधच अण्णांच्या मुळावर आला होता.

“तूच फोन केलास ना मला?” वकील बसला, पण खुर्चीच्या टोकावर. “तीन वर्षं घसरण दिसली की घरी कळवायचं, हा तुमचाच नियम. कळवलंस. मी विचारलं काय घसरलंय, तर म्हणालीस, गोष्टीतलं छत्रीचं वाक्य पार गेलंय. मग मी काय करायचं होतं? बाप फिरत्या मशीनसमोर उभा राहतो, आणि डोक्यातून वाक्यंच्या वाक्यं गळताहेत. कारखान्याचा फ्यूज काढून खिशात घातला मी, आणि त्या खुर्चीत बसवून त्यांचा आणखी पाणउतारा करायचा नाही, हेही ठरवलं. चुकलं का माझं?”

“तुझं नाही चुकलं,” धाकटी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

“फ्यूज काढल्यापासून हे रोज तिथे जाऊन बसतात,” काकू म्हणाली. “मशीन पुसतात. घरी आले की मला विचारतात, मी चहा घेतला का गं? परवा घेतल्यावर लगेच विचारलं.”

“खात्री करून घेतो,” अण्णा पहिल्यांदाच बोलले. “आपल्यावर भरवसा राहिला नाही की विचारावं लागतं.” मग धाकटीकडे बघून ओशाळं हसले. “ती छत्री कितीही डोकं खाजवलं तरी सापडत नाही गं. शिंपी आठवतो. पेटी आठवते. मांजर तर अगदी समोर दिसतं. छत्री म्हणून नाहीच.”

गोष्ट होती ती स्मरणाच्या चाचणीची. आत्या ती वाचून दाखवायची, समोरच्याने ऐकून परत सांगायची. दरवर्षी तीच गोष्ट, तीच खुर्ची आणि तोच आवाज. आवाज बदलला की सगळंच बदललं, हा आत्याचा हट्ट, म्हणून निवृत्त झाल्यावरही ती दरवर्षी फक्त गोष्ट सांगायला येई. सांगून झाल्यावर अण्णा दरवेळी विचारायचे, “काही राहिलं का गं?” आणि ती दरवेळी, सख्खा भाऊ असो की कुणी परका, एकच उत्तर द्यायची: “छान झालं. आता चहा घे.” त्यापुढे एक शब्द काढायची नाही.

धाकटीचा शोध असा होता, की या वयात गोष्टीची सुरुवात राहते, शेवटही राहतो, पण मधलं वाक्य आधी जातं. एकट्या अण्णांचं नाही, जवळजवळ सगळ्यांचंच. इतकं स्वच्छ दिसत होतं, की तिला स्वतःच्या नशिबावर विश्वास बसत नव्हता.

वातावरण जरा निवळावं म्हणून तिने ठेवणीतली गंमत बाहेर काढली.

“हे बघा, भांडण मग करू. यंदापासून जुनी गोष्ट बंद. इथल्या संशोधक मुलांनी नवी लिहिलीय, आत्यानेसुद्धा अजून बघितली नाही. म्हणजे आता जुनी ऐकायला हरकत नाही. तुम्हाला एक ऐकवते.” तिने संगणकाचा स्पीकर टेबलाच्या मधोमध ओढला. “आत्याला एक खोड होती. रेकॉर्डर खरं तर गोष्ट संपल्यावर लावायचा, कारण उत्तरच हवं असतं. पण ही बटण आधीच दाबून टाकायची. त्यामुळे दरवर्षीची गोष्ट तिच्या आवाजात शिल्लक आहे. मुलं तेवढा भाग पुढे ढकलून उत्तर ऐकतात. मी ठरवलंय, बुधवारी समितीला हा आवाज ऐकवायचा. बघा तर!”

स्पीकर जरा खरखरला, आणि मग खोलीत एक तरणीताठी, घाईघाईची बाई बोलू लागली.

“एक शिंपी सकाळी नदीपलीकडे निघाला. त्याच्या हातात पत्र्याची पेटी होती. पुलावर त्याला त्याची बहीण भेटली. तिने आपली निळी छत्री त्याला दिली. पलीकडे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, पेटी पुलावरच राहिली. तो परत आला, तेव्हा पेटीवर एक मांजर झोपलं होतं.”

“अगं बाई!” काकू म्हणाली. “वन्सं, हा तुमचा आवाज?”

“मीच का ही टणटण करणारी?” आत्या खिडकीतून वळली. तिचे डोळे चमकले. “किती घाई होती मला! कुठे जायचं होतं एवढं?”

वकीलसुद्धा हसला. अण्णा मात्र पुढे वाकून ऐकत होते. “होती की छत्री,” ते पुटपुटले. “निळी होती.”

“आता गेल्या वर्षीचं,” धाकटी म्हणाली आणि बटण दाबलं.

तोच आवाज आला, पण संथ. आता प्रत्येक शब्दाआधी तो जरा थांबत होता. शिंपी निघाला. हातात पेटी होती. पुलावर बहीण भेटली. पलीकडे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, पेटी पुलावरच राहिली...

“किती गोड सांगता हो,” काकू म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. “आणि छत्री कुठे गेली?”

धाकटीचा हात बटणावरच राहिला. इतकी वर्षं इतक्या हुशार मुलांनी हे सगळं ऐकलं होतं, आणि कुणीच ऐकलं नव्हतं! गोष्ट सगळ्यांना पाठ होती, म्हणून तेवढाच भाग ढकलून पुढे जायचं. आणि आत्याला तर ती इतकी पाठ, की तिने कागद कधीच बाजूला ठेवला होता. कागदात बघितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघता येत नाही, असं म्हणायची.

“परत लाव,” आत्या म्हणाली.

धाकटीने परत लावलं. छत्री नव्हती.

“त्याच्या आधीचं वर्ष.” नव्हती. “अजून मागे.” नव्हती. आत्या आता टेबलाशी येऊन उभी होती, दोन्ही तळवे टेबलावर टेकून. “अजून मागे जा. थांबू नकोस.”

आणखी मागच्या एका वर्षी आवाज पुलापर्यंत आला आणि म्हणाला, “तिने... त्याला दिली.” काय दिली ते नव्हतंच. त्याच्या आधीच्या वर्षी छत्री होती, पण निळी नव्हती.

“आधी रंग गेला!” आत्या जवळजवळ ओरडली. “मग वस्तू गेली, मग वाक्यच गेलं. पाहिलंस का, धाकटे? एकदम नाही गेलं. पायरीपायरीने गेलंय.”

“आत्या, तू बस बघू,” वकील उठून म्हणाला. आत येताना आणलेला आवाज आता त्याच्यापाशी नव्हता.

आत्या बसली. धाकटीला रडू यायला लागलं होतं. आत्यासाठी, आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःसाठीही. मधलं वाक्य आधी जातं म्हणे! लोकांच्या डोक्यातून काही गेलंच नव्हतं. जे त्यांना कुणी सांगितलंच नाही, ते त्यांनी परत सांगितलं नाही, एवढाच तिचा शोध. बुधवारी चारचौघांत हेच घेऊन ती उभी राहणार होती.

“म्हणजे अण्णा ठीक आहेत?” वकिलाने विचारलं.

“मोजल्याशिवाय ठीक आहेत असं मी म्हणणार नाही, दादा. पण बिघडलेत असं म्हणायला माझ्याकडे आता काहीही आधार नाही. चालणं, पकड, बाकी सगळं त्यांचं जिथल्या तिथे आहे. मी तुला चुकीचा फोन केला.”

काकूने डोळ्यांना रुमाल लावला आणि ती मुलावरच उखडली. “आणि तू लगेच फ्यूज काढून मोकळा! बापाला एकदा तरी धड विचारलंस?”

“अगं, मघाशी तूच म्हणालीस, तुला पटलंय म्हणून!”

“मघाशी मला छत्रीचं कुठे माहीत होतं?”

या सगळ्यात अण्णा बहिणीकडे बघत होते. लहानपणी ती पडली की हा माणूस आधी इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना, आणि मगच तिला उचलायचा. आताही त्यांनी दार लोटलेलं आहे याची खात्री करून घेतली.

“हे बघा,” ते हळूच म्हणाले. “हे आपल्यातच राहू दे. बुधवारी ती माणसं येणार, त्यांना कशाला सांगायचं? ही गोष्ट तशीही बंद होतेय. मीच विसरलो म्हणा. माझं काय जातंय? कारखाना काय, आज ना उद्या बंद करायचाच होता. हिने एवढं उभं केलंय ते राहू दे.”

वकिलाने बापाकडे बघितलं. मग तो धाकटीकडे वळला, आणि त्याच्या नजरेत वकिली नव्हती. “तसं करता येईल,” तो म्हणाला. “कायद्याने कुणी विचारणार नाही.”

धाकटीला मोह झाला. हो, झालाच. केंद्र वाचेल, आत्याची अब्रू राहील, ज्याचं नुकसान व्हायचं तो स्वतःच तयार आहे. एका क्षणासाठी ती काहीच बोलली नाही, आणि त्या क्षणाची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

“अण्णा,” आत्या म्हणाली, “माझं म्हातारपण तुझ्या नावावर लावायचं नाही.”

“अगं, पण—”

“पणबिण काही नाही. बहिणीने भावाला छत्री दिली, एवढं साधं वाक्य. ते मी गाळलं आणि वर तुलाच विसरभोळा ठरवलं. तुला दिलीच नाही, तर तू आठवणार कुठून?” तिने पाण्याचा पेला उचलला, प्यायली, आणि परत बोलली तेव्हा तिच्यातली जुनी बाई जागी झाली होती. “आणि तुम्ही सगळे मेल्यासारखी तोंडं काय करून बसलात? धाकटे, विचार कर. एकाच माणसाने तीच गोष्ट तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत दरवर्षी सांगितलीय आणि प्रत्येक वेळचा आवाज आपल्याकडे आहे. आणि तो माणूस मोजून घेतोय हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं! असं जगात कुणापाशी असेल गं? रंग आधी का गेला? छत्री गेली आणि मांजर का राहिलं? मला मांजरं आवडतात म्हणून? मला हे कळायला हवंय.”

“तुला भीती नाही वाटत?” धाकटीने विचारलं.

“वाटते ना. पाचावर धारण बसलीय,” आत्या म्हणाली. “पण उत्सुकता जास्त वाटतेय. बुधवारी हेच ऐकवायचं. चूक कशी झाली तेही सांगायचं, आणि मी समोर बसलेली असेन. ज्यांच्या ज्यांच्या घरी तुझा फोन गेलाय, त्यांच्याकडे उद्यापासून आपण दोघी जायचं.”

“आणि त्यांनी केंद्र बंद केलं तर?”

“तर बंद खोलीत बसून ऐकू. पण खोटं बोलून चालवलेलं केंद्र मला नको. त्यापेक्षा धुणीघर बरं होतं, निदान तिथे काहीतरी स्वच्छ व्हायचं.”

वकिलाने कोटाच्या खिशात हात घातला. पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज बाहेर काढला आणि अण्णांसमोर बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला. “सॉरी, अण्णा,” तो म्हणाला. अण्णांनी तो उचलून फुंकर मारली, तारेचं टोक अंगठ्याने चाचपलं आणि खिशात टाकला. त्या बाप-लेकांमध्ये त्यापेक्षा जास्त कधी बोलणं होत नसे.

“चला, उठा,” आत्या म्हणाली. “मोजणी व्हायची आहे. आधी माझी.”

“तुझी?”

“मग? इतकी वर्षं मी फुकट सुटले. त्या नव्या गोष्टीचा कागद आण. वाचणारा नवा हवा, म्हणजे माझ्या आवाजाची भानगड संपली. अण्णा, तू वाच. आणि कागदात बघून वाच हं, मेल्या! पाठ असल्याचा तोरा नको.”

लहान खोलीत ती खुर्ची होती. दरवर्षी आत्या तिच्यासमोरच्या स्टुलावर बसायची. आज ती खुर्चीत बसली, आणि हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना. अण्णा स्टुलावर टेकले आणि त्यांनी चष्मा चढवला. काकू आणि वकील दाराशी उभे राहिले. धाकटीने रेकॉर्डर पुढे घेतला.

“आधीच लाव,” आत्या म्हणाली. “गोष्टीच्या आधी.”

अण्णा वाचू लागले. लेथवर जशी घाई करत नसत तशीच इथेही केली नाही.

“एका शाळेची घंटा एके सकाळी वाजेना. शिपायाने शेजारच्या सुताराला बोलावलं. सुतार आपली शिडी घेऊन आला. त्याच्या मुलीने शिडी खालून धरून ठेवली. घंटेत चिमणीने घरटं केलं होतं. सुताराने घंटा तशीच ठेवली, आणि त्या दिवसापासून मुलं टाळ्या वाजवून शाळा भरवू लागली.”

त्यांनी कागद पालथा घातला. आत्याने डोळे मिटले.

“शाळेची घंटा वाजेना,” ती म्हणाली. “शिपायाने सुताराला बोलावलं. शेजारच्या. तो शिडी घेऊन आला.” ती थांबली. बोळातून सायकलची घंटी ऐकू आली. काकूचे ओठ हलले. वकिलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सुचवायचं नाही हा या खोलीतला पहिला नियम, आणि तो आत्यानेच घातलेला. “तो शिडी घेऊन आला... वर चढला. घंटेत चिमणीचं घरटं होतं. मग त्याने घंटा तशीच ठेवली. आणि मुलं टाळ्या वाजवायला लागली. शाळा भरवायला.”

शिडी खालून धरणारी मुलगी राहिली होती. धाकटीला ते आपल्यालाच गाळल्यासारखं चटकन लागलं, आणि लागलं याचं तिला हसूही आलं. तिने मान खाली घातली, आत्याला आपला चेहरा दिसू नये म्हणून.

आत्याने डोळे उघडले. तिने धाकटीकडे बघितलं नाही, दाराकडेही नाही. ती समोर स्टुलावर बसलेल्या भावाकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर तीच धाकधूक होती, जी तिने या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर बघितली होती.

“अण्णा,” तिने विचारलं, “काही राहिलं का रे?”

अण्णांनी चष्मा काढला आणि सावकाश घडी घालून खिशात ठेवला.

“छान झालं,” ते म्हणाले. “आता चहा घे.”